आवडती कादंबरी ‘का आवडते’ हे माणसांकडून काढून कसं घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमधे महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो, लोक उत्साहाने येतात, प्रत्येकजण आपली आवडती कादंबरी सांगतो, पण सगळ्यांची गाडी ‘खूप छान आहे, मनाला भिडते, प्रत्येकाने वाचलीच पाहिजे’ इथे येऊन थांबते नाहीतर मग अख्खं कथानक सुरू होतं आणि ऐकणारे मोबाइल काढतात. तर हे पुढे कसं न्यायचं आणि सगळ्यांनी मिळून वाचायला पहिली कादंबरी कुठली घ्यावी, असं विचारलंय.

मी ठाण्यात नौपाड्यात बरीच वर्षं वाचनालय चालवतेय, काउंटरवर पुस्तकं देणं-घेणं हेच काम, आणि कट्टे पण पुष्कळ घेतलेत, इकडे ठाण्यात आणि खाडीपलीकडे तुमच्या बाजूलाही, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी, ‘का आवडली’ हा प्रश्न थेट विचारायचं बंद करा. ‘का’ म्हटलं की माणसाला एकदम दहावीचा मराठीचा पेपर आठवतो आणि मग ओघवती भाषाशैली, हुबेहूब व्यक्तिचित्रण, समाजाचं वास्तव दर्शन असं सगळं बाहेर पडायला लागतं, ते त्याचं नसतंच, गाइडमधलं असतं. त्याऐवजी मी दोनच गोष्टी विचारते. ही गोष्ट सांगतंय कोण? आणि पुस्तक आत्ता हातात दिलं तर तुम्ही कुठली जागा उघडाल? माझं स्पष्ट मत आहे की कादंबरी आवडते ती बहुतेक वेळा गोष्टीमुळे नाही, सांगणाऱ्यामुळे आवडते. गोष्टी काय, सगळीकडे त्याच त्या असतात, कुणीतरी मरतं, कुणाचं तरी लग्न मोडतं, जमीन जाते. कोण सांगतंय आणि त्याला किती कळलंय यावर सगळं असतं.

आता मृत्युंजय घ्या. कट्टा कुठलाही असो, मृत्युंजय येणारच. १९६७ ची कादंबरी, अजून आमच्याकडे प्रती फाटतात आणि नवीन घ्याव्या लागतात. आणि आवडण्याचं कारण ठरलेलं, कर्णावर फार अन्याय झाला हो. अहो पण तो अन्याय तर महाभारतातच आहे, त्यात शिवाजी सावंतांनी काय केलं? त्यांनी गोष्ट एकट्या कर्णाच्या हातात ठेवली नाही हे केलं. कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, दुर्योधन, धाकटा भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण, असे सहा जण सांगतात. गंमत म्हणजे दोन-दोनदा वाचलेल्यांना पण हे आठवत नाही, त्यांच्या डोक्यात सगळं कर्णच बोलत असतो. म्हणून मी विचारते, तुम्हाला कुणाचं बोलणं सगळ्यात जवळचं वाटलं? इथे माणूस पहिल्यांदा गप्प होतो. आमच्या कट्ट्यावर एक बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, कायम ‘दानशूर कर्ण, दानशूर कर्ण’ करायचे, त्यांना हे विचारलं तर जरा वेळाने म्हणाले, शोण. मग जे बोलले ते कर्णाबद्दल नव्हतंच, मोठा भाऊ इतका मोठा असला की धाकट्याने आयुष्यभर काय करायचं याबद्दल होतं, आणि ते इतकं नेमकं बोलले की त्या दिवशी तीन जणांनी मृत्युंजयसाठी नंबर लावला. आमची एक जुनी प्रत आहे, ती टेबलावर नुसती ठेवली तरी आपोआप कवचकुंडलांच्या जागी उघडते, बाइंडिंग तिथेच सैल झालंय, कडेला कुणीतरी पेन्सिलने रेघ मारून मग खोडरबरने पुसायचा प्रयत्न केलाय. लोकांना काय आवडतं हे कळायला मला सर्व्हे वगैरे लागत नाही, परत आलेली पुस्तकं बघायची.

ययातीचं पण तसंच, तिथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघं सांगतात. खांडेकरांना ज्ञानपीठ १९७४ मधे मिळालं, म्हणून घरोघरी ते पुस्तक असतं आणि बऱ्याच घरांत न वाचलेलं असतं. कट्टा थंड पडला असेल तर देवयानीची बाजू घेणारं कोण आहे एवढं विचारा, बायकांचे दोन गट पडतातच. पुढचं बघावं लागत नाही.

ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ला मात्र वेळ द्या. त्यांचं ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० मधे सुरू झालं आणि त्यात ही क्रमशः यायची, म्हणजे आमच्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधे सुरू झालं तेव्हाच्या वाचकांची ही अगदी ताजी कादंबरी. लेखक पुरुष, पण सगळी गोष्ट यमू स्वतः सांगते, आणि सांगताना तक्रारीचा सूर लावत नाही, घरात काय काय व्हायचं ते एखादी बाई दुपारी निवांत सांगेल तसं सांगत जाते. म्हणूनच शंकरमामंजींसारखा माणूस वाचकाच्या डोक्यात जातो. कॉलेजातल्या मुलींना मी ही देते तेव्हा ‘जुनी भाषा आहे, पहिली पन्नास पानं नेट लावून वाच’ एवढंच सांगते. परत द्यायला येतात तेव्हा चिडलेल्या असतात. मला ते आवडतं. हाच प्रश्न त्यांना विचारला, की ही गोष्ट यमूऐवजी तिच्या नवऱ्याने सांगितली असती तर? मग बघा कशा बोलतात.

भालचंद्र नेमाड्यांच्या कोसलावरून भांडण होणार हे धरून चाला. १९६३ ची आहे आणि अजून प्रत्येक कट्ट्यावर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणजे ‘माझं आयुष्य बदललं’ आणि दुसरी म्हणजे ‘चाळीस पानांच्या पुढे गेलोच नाही’. दुसऱ्या पार्टीला अजिबात हसायचं नाही, त्यांनाच आधी बोलू द्या, कुठे सोडलं आणि नेमकं काय खटकलं. बहुतेकजण म्हणतात की हा पांडुरंग सांगवीकर प्रत्येक गोष्टीची टर उडवतो, कशालाच काही किंमत नाही, वैताग येतो. बरोबर आहे, येतो. मग पहिल्या पार्टीतल्या कुणाला तरी मनीच्या मरणाचा भाग मोठ्याने वाचायला सांगा. देवीच्या रोगाने धाकटी बहीण जाते आणि जो पोरगा एवढा वेळ सगळ्यावर थुंकत होता त्याला तिथे काही सुचत नाही, नुसता तडफडतो. आधीची टवाळी नसती तर हा भाग असा लागला नसता, हे ऐकणाऱ्यांना आपोआप कळतं, समजावून सांगावं लागत नाही. तरीही काहींना आवडणार नाही आणि ते ठीक आहे, कट्टा म्हणजे काय मतदान नाही.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ला सिनेमामुळे तरुण वाचक मिळतो. नववीतला मुकुंद, शिरोडकर, पोरांची टोळी हे सगळ्यांना आवडतंच, पण मोठ्यांना विचारा की तुम्हाला यात आणीबाणी किती दिसली. मुकुंदला ती अर्धवट दिसते, आपल्याला पूर्ण दिसते, सांगणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याला जास्त ठाऊक असतं, आणि त्यामुळेच ती पोरांची गोष्ट असून पन्नाशीच्या माणसाला चटका लावते.

आता तुमच्या भागाबद्दल थोडं, कारण ठाण्यातला कट्टा आणि नवी मुंबईतला कट्टा यात मला फरक जाणवतो. ठाण्यात घंटाळी, नौपाडा, राम मारुती रोड या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेले लोक भेटतात, त्यांचं वाचन भरपूर आणि मतंही तयार. तुमच्याकडे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे म्हणजे अख्खा महाराष्ट्र, सातारा, सांगली, जुन्नर, विदर्भ, कोकण, मार्केटच्या कामाला आलेल्या माथाडी कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी, आणि मूळचे आगरी-कोळी तर आहेतच. हा तुमचा मोठा प्लस पॉइंट आहे, तो वापरा. कोपरखैरण्याला एकदा बनगरवाडीवर बोलणं ठेवलं होतं. आमच्या ठाण्याच्या मंडळींना ती ‘साधी, सुंदर’ वाटते आणि तिथेच संपते. तिकडे एक माण तालुक्यातले गृहस्थ होते, फार वाचणारे नव्हेत, पण शेकूच्या शेतावरचा प्रसंग निघाला, एकच बैल आहे म्हणून दुसऱ्या बाजूला बायको जुवाला खांदा देते तो, आणि हे गृहस्थ एकदम त्या जमिनीबद्दल बोलायला लागले, पाऊस एक आठवडा चुकला तर काय होतं, बैल कुणाकडून मागून आणला तर त्याच्या बदल्यात काय द्यावं लागतं, कुणाला हात पसरायची लाज वाटते आणि कुणाला नाही. माडगूळकरांनी हे काहीच समजावलेलं नाही. सांगणारा नवखा मास्तर आहे, शाळा काढायला आलाय आणि शाळेत पोरंच नाहीत, त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. बाकीचं त्या गृहस्थांनी भरून काढलं. १९५५ चं पुस्तक आहे हो, आणि कोपरखैरण्याच्या एका हॉलमधे असं पुरं झालं.

असंच उद्धव शेळक्यांच्या ‘धग’चं, १९६० ची. हिचे संवाद वऱ्हाडीत आहेत आणि पुण्या-मुंबईच्या माणसाने ते वाचले की नाटकातल्या गावकऱ्यासारखे वाजतात. आमच्याकडच्या एका ताईंनी कौतिकचे संवाद वाचायला घेतले तर मागे बसलेल्या अमरावतीच्या वहिनी आधी हसल्या, मग अस्वस्थ झाल्या, मग उठून म्हणाल्या ‘द्या इकडे’. आणि त्यांनी वाचलं तेव्हा ती बाई, नवऱ्याला महारोग झालेला, पोरं पदरात आणि तरी हट्टाने संसार ओढणारी, समोर उभी राहिली. त्या वहिनी त्याआधी कट्ट्यावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तुमच्या ग्रुपमधे कोण कुठल्या गावचं आहे याची एक यादीच करा. मराठवाड्याचं कुणी असेल तर रा. रं. बोराड्यांची पाचोळा द्या, कोल्हापूरकडचं असेल तर आनंद यादवांची गोतावळा, त्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात ते सगळं नारबा त्याच्या स्वतःच्या बोलीत सांगतो. या दोन्ही मनात वाचायच्या नाहीत, मोठ्याने वाचायच्या.

विश्वास पाटलांची झाडाझडती तुमच्याकडे घ्याच, पण थोडी तयारी करून. ती धरणग्रस्तांची आहे, १९९२ चं साहित्य अकादमी मिळालेली. नवी मुंबई उभी राहिली ती सरकारच्या सिडको महामंडळाने १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी घेऊन, १९८४ मधे जासईला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा विषय तर आजही घराघरात निघतो. त्यामुळे तिथे ही कादंबरी ‘गरिबांचं दुःख’ म्हणून राहत नाही, कुणाच्या तरी वडिलांची फाइल होऊन जाते. आवाज चढतात. टॉवरमधे राहायला आलेले आणि मूळ गावातले एकाच खोलीत बसून हे पुस्तक बोलले तर ऐकण्यासारखं असतं, फक्त कट्टा चालवणाऱ्याने कादंबरी हातात धरून ठेवायची, कारण अर्ध्या तासात विषय कोर्टकचेरीवर जातो. तसा गेला की सरळ म्हणायचं, आता कादंबरीतल्या खैरमोडे गुरुजींकडे परत येऊ.

काहींचं कारण पुस्तकात नसतंच, बाहेर असतं. हॉस्टेलला असताना वाचली, बाळंतपणात वाचली, नवरा देवाघरी गेल्यावर वाचली. प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ तर मला कायम इंजिनिअरच सांगतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकऱ्या केलेले, कारण हिमालयात रस्ता बांधणारा विश्वनाथ आणि त्याची वरिष्ठांशी झालेली टक्कर त्यांना आपल्या साइटवरची वाटते. हे सांगू द्यावं, अडवू नये, पण दोन-तीन मिनिटांनी हळूच ‘मग ती जागा वाचून दाखवता का?’ असं म्हणायचं. नाहीतर पुढचा अर्धा तास कंपनीतलं राजकारण ऐकावं लागतं.

आणि एक विनंती, कुणाच्या आवडीला हलकं समजू नका. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा रहस्यकथावाल्या बाबूराव अर्नाळकरांचं नाव घ्यायला लाजत होते, आजूबाजूला सगळे नेमाडे-बेडेकर चाललेलं. बोलतं केल्यावर झुंजारच्या कथांमधे प्रकरण कुठे तोडायचं, वाचक रात्री दिवा बंद करू शकणार नाही असं वाक्य कुठे टाकायचं, हे त्यांनी जे सांगितलं ते तिथल्या एकाही एम.ए. वाल्याला सांगता आलं नसतं. वपु, सुहास शिरवळकर, नारायण धारप, सगळ्यांना जागा द्या. पोरं तुंबाड सिनेमा बघून ‘तुंबाडचे खोत’ मागायला येतात, त्यांना आधीच सांगा की नावापुरतंच साम्य आहे, यात भूत नाही, जगबुडी नदीकाठचं एक घराणं आहे, चार पिढ्या आणि दोन जाडजूड खंड. तरीही नेतात, आणि थोडे तरी दुसरा खंड मागायला येतात. आवडती कादंबरी म्हणून कुणी ‘एक होता कार्व्हर’ किंवा ‘व्यक्ती आणि वल्ली’ सांगेल, ते चरित्र आहे, ती व्यक्तिचित्रं आहेत, पण तिथे मास्तरकी करू नका, गोष्ट वाचल्याचा आनंद मिळालाय ना मग झालं.

बाकी व्यवहाराचं. पान नंबर सांगू नका, प्रकरण सांगा, कारण प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती असते आणि कुणाचं १४० म्हणजे कुणाचं १७२, त्यात दहा मिनिटं जातात. वाचून दाखवायला एकच पान, दीड फार तर. ज्यांनी स्टोरीटेलवर ऐकलीय त्यांना वाचकच समजा, उलट आवाज त्यांना जास्त आठवतो. एका वेळी चार जणांनीच आपली आवडती कादंबरी सांगायची, सगळ्यांनी नाही, बाकीचे पुढच्या महिन्यात. कथानक सांगणाऱ्याला तीन वाक्यांची मर्यादा घाला आणि ती हसत हसत पण कडक पाळा.

पहिली कादंबरी म्हणाल तर मी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घेईन. १९३९ ची आहे आणि छोटीशी, शंभर-सव्वाशे पानांत संपते, त्यामुळे ‘वेळच नाही मिळाला’ हे कुणाला म्हणता येत नाही, ठाणे-वाशी लोकलमधे जाता-येता आठवड्यात होते. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, महायुद्ध तोंडावर, जर्मनीतून जीव वाचवून पळालेली ज्यू माणसं, त्यातली हॅर्टा, आणि प्रेमात एकदा तोंड पोळलेला चक्रधर. गोष्ट तोच सांगतो. इथे माझा पहिला प्रश्न कामाला येतो, हा माणूस सांगतोय ते आपण कितपत धरायचं? त्याने हॅर्टावर खरंच प्रेम केलं की बोट मुंबईला लागेपर्यंतची सोय बघितली? मी ज्या ज्या कट्ट्यावर हे विचारलंय तिथे पुरुष एक म्हणतात आणि बायका वेगळंच, आणि दोन्हीकडे पुरावे पुस्तकातलेच. मग तिची पत्रं काढायची, तिथे सांगणारी ती होते आणि आधीचं सगळं परत तपासावं लागतं. शेवट मात्र कुणी आधी फोडायचा नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तशी सक्त ताकीद द्या.

चार-पाच प्रती पुरतात, दोन विकत घ्या, बाकी वाचनालयांतून मिळतील, आणि महिनाभर आधी फिरवायला लागा. चहा-बिस्किटं सुरुवातीलाच द्या. मधे ब्रेक दिला की विषय हमखास सोसायटीच्या पार्किंगवर जातो आणि तिथून त्याला कुठलीच कादंबरी परत आणू शकत नाही.